बुडखे

पवित्र शनिवार. दुपारचे अडीच.
इगर्जीत कुणी नाही. वेदीवरचं ओस्तीचं कपाटसुद्धा रिकामं,
दार सताड उघडं,
घरातलं माणूस नुसतं बंदरावर मासे आणायला गेल्यासारखं.

मागल्या पडवीत मी चूल पेटवलीय
आणि डालड्याच्या जुन्या डब्यात
वर्षभराचे बुडखे वितळवतेय.
बारा वर्षं हे माझं काम.
फादर म्हणतात, वेंगुर्ल्याच्या बाजारात
मेणबत्त्या स्वस्त झाल्यात, कार्मेलीनबाय.
मी म्हणते, असतील.

बुडखे मला ओळखता येतात.
हा जाडा, पिवळा, पास्कूचा:
मोठ्या बोटींनी दिवे लावून समुद्र खरवडून नेला
आणि त्याची होडी एकोणीस दिवस
बर्फाचेही पैसे न सुटता परत आली, तेव्हाचा.
हा गुलाबी, करंगळीएवढा, केकवरचा.
नातालीनच्या पोरीने लावला, आजीच्या डायलिसिसच्या दिवशी.
घरात दुसरी मेणबत्ती नव्हती.
हा मोचेमाडच्या कृष्णाबाई तांडेलांचा.
त्या आमच्यातल्या नव्हेत, पण बुधवारी येतात,
चपला बाहेर, हातात नारळ.
काय मागतात ते कधी सांगितलं नाही.
आणि हे सात माझे.
लिओसाठी.

लिओ तेलाच्या जहाजावर आहे.
समुद्र तिथे अरुंद, म्हणाला,
आणि कुणाचं तरी कुणाशी युद्ध चाललंय.
रात्री डोक्यावरून काहीतरी गुणगुणत जातं, आई,
आम्ही दिवे मालवून बसतो.
त्यानंतर नऊ दिवस
माझ्या निरोपापुढे एकच करडी खूण.

अशा दिवसांत जपमाळ घ्यावी
तर मणी नुसते मणी राहतात,
उन्हात टाकलेल्या कोकमाच्या बिया.

परवा फादरनी वादळातल्या होडीची गोष्ट सांगितली.
सगळे ओरडताहेत, पाणी आत येतंय,
आणि हा मागे, उशीवर डोकं टेकून, झोपलेला.
मला राग आला. खरं ते सांगते.
मग घरी भांडी घासताना आठवला माझा सांतान.
तोही असाच झोपायचा मागच्या फळीवर,
लाट अंगावरून जायची तरी.
एकदा विचारलं होतं, भय नाही वाटत?
म्हणाला,
"वाटता गो. पण सगळे एकाच होडयेत आसंव मां."

तेवढंच धर्मशास्त्र मला कळतं.
झोपलेला असेल, पण तो होडीत आहे.
कोरड्या वाळूवर उभा राहून
हात हलवत नाहीये.

आज तर तो थडग्यात आहे.
वर्षातला हा एक दिवस आम्ही उत्तर मागत नाही.
मेण ढवळतो.

पास्कूचे एकोणीस दिवस, आजीची सुई,
कृष्णाबाईंचं न सांगितलेलं, माझा लिओ,
आधी वेगवेगळे तरंगतात, मग कडा सुटतात,
आणि सगळ्याचा एकच रंग होतो,
खाडीच्या गढूळ पाण्याचा.
काजळी तळाला बसते.
काड्यापेटीच्या काड्या, एक मेलेली माशी.
फडक्याने गाळते. सगळं निघत नाही.

पपईचे पोकळ देठ कापून ठेवलेत,
खालून माती लावून. त्यात वात सोडायची, मेण ओतायचं.
मेणबत्त्या वाकड्या होतात.
रात्री साडेदहाला सगळे दिवे मालवतील, मुद्दाम,
बाहेर आवारात विस्तव पेटवतील,
आणि त्या एका जाळावरून माणूस माणसाला
वात टेकवत आत येईल.
कुणाच्या हातात कुणाचं मागणं जळतंय
कुणाला कळणार नाही.
पास्कूच्या खडबडीत बोटांत कदाचित माझा लिओ असेल,
आणि मी कुठल्याशा आजीला
वाऱ्यापासून तळहाताने आडोसा देत असेन.

कठड्यावर फोन पालथा ठेवलाय.
थरथरला का आत्ता?
की चुलीतलं लाकूड सरकलं.

बघेन.
आधी ही वात सरळ धरायला हवी,
मेण थिजेपर्यंत.